शासन-नोंदणीकृत

लांजा,
८ जून १९८६

प्रिय सगुणा,

बी.ए. झालीस, तेही दुसऱ्या वर्गात! मावशीने जयगडात लेकीचे पेढे वाटल्याची बातमी इथे काजूच्या कारखान्यात माझ्याआधी पोचली. फार आनंद झाला, बये. मग तुमच्याकडून आलेला भिकाजीदादा म्हणाला, की मी बी.एड. केलं त्याच विद्यापीठात तू बी.एड.ला नाव घालते आहेस, आणि मी तिथलीच म्हणून मावशीही निर्धास्त आहे. ते ऐकलं आणि हे पत्र लिहायला बसले.

शाळेतली नोकरी मी तब्येतीमुळे सोडली, असं आप्पांनी तुम्हाला कळवलं होतं. माझ्या तब्येतीला काय धाड भरलीय! मुली बाई बाई करत मागे फिरायच्या, मी हौसेने धड्यांची टाचणं काढायचे. मग जिल्ह्याच्या शिक्षण खात्याने माझे कागद परत धाडले. ही बी.एड.ची पदवी आम्ही धरत नाही, म्हणाले. आप्पा मला घेऊन रत्नागिरीला गेले. माहितीपत्रकावरच्या 'शासन-नोंदणीकृत' या शब्दावर त्यांनी बोट ठेवलं. सरकारचा शिक्का हाय, आनखी काय होवा, म्हणाले. कारकून भला होता. नोंदणी तर गावच्या भजनी मंडळाचीही असते, काका, म्हणाला. विद्यापीठाला अनुदान आयोगाची मान्यता लागते, ती यांना नाही. आम्ही बी.ए.पर्यंत मराठी शिकलो आणि या दोन शब्दांतला फरक आम्हाला कळू नये! नाव मोठं लक्षण खोटं, दुसरं काय. आप्पा अजूनही वाडीत कुणाच्या ओटीवर जाऊन बसत नाहीत.

आता मी काजूच्या बिया फोडते. टरफलांच्या तेलाने बोटं काळी पडली आहेत. शेजारी बसणाऱ्या तुळसाची मुलगी माझ्या वर्गात होती, म्हणून ती मला अजून बाईच म्हणते. मला ते सोसत नाही, आणि म्हणू नकोस असंही सांगवत नाही. तू कुठेही शिक, पण आधी त्या खात्यात जाऊन विचार, ही पदवी चालते का म्हणून. माहितीपत्रक वाचून ठरवू नकोस.

हे आजच लिहितेय, कारण पुढच्या महिन्यापासून मला लिहिता येणार नाही. त्याच विद्यापीठाने मला बोलावलंय, शिकवायला आणि कोकणातल्या पालकांशी बोलायला. आपल्या बोलीतलं माणूस दिसलं की लोक विश्वास टाकतात, असं तिथले संचालक म्हणाले. माझी पदवी चालते ती तेवढ्या एकाच ठिकाणी, सगुणा. मी हो म्हटलंय. माझी मलाच शिसारी येते, पण मी जाणार. तेव्हा तू आलीसच, तर दारात मी उभी असेन, धुतलेली साडी नेसून. मावशीला पाणी देईन, आणि मान्यतेचं काम झाल्यातच जमा आहे, असं हसून सांगेन. माझ्यावर विश्वास ठेवू नकोस.

तुझीच,
मथुराताई