दोघांसाठीची खोली

प्रिय चिमणे,

पोचलो एकदाचा घरी. अंगाचं अगदी भुसकट झालंय, पण हे लिहून झाल्याशिवाय पाठ टेकायची नाही असं ठरवलंय. गेल्या आठवड्यात तू फोनवर म्हणालीस, "बाबा, तुम्ही म्हणाल तर मी परत येते." मी म्हटलं, डोंगरावर जाऊन येतो, मग सांगतो. तिकडे माहेरी तू वाट बघत असशील. जरा दम धर, तुझ्या सासऱ्याला सगळं पहिल्यापासून सांगायची खोड आहे, ती तुला काय नवी.

तुमच्या लग्नाच्या वाढदिवसाचं बुकिंग काही केल्या रद्द होईना, म्हणून तुझ्या जागी माझी वर्णी लागली. जन्मभर बस चालवली मी, पण घाटात गाडी हाकत होते चिरंजीव, आणि शेजारी बसून माझा पाय आपला ब्रेक शोधत होता. हॉटेलचं तर विचारूच नकोस. काचेच्या भिंती, पाऊल रुतेल असे गालिचे, आणि खोलीत एकच भलामोठा पलंग. त्यावर टॉवेलचे दोन हंस चोचीला चोच लावून बसलेले, भोवती गुलाबाच्या पाकळ्या. सामान आणणाऱ्याने एकदा हंसांकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि मान खाली घालून सटकला. मी त्यातल्या एका हंसाची मान सोडवली आणि तोंड पुसून घेतलं. मला हसू आवरेना. चिरंजीव काही हसले नाहीत.

गाव मोठं देखणं, बरं का. उतरत्या रस्त्याने दुकानं, सगळी इस्त्री केल्यासारखी. लोकरीच्या शाली इतक्या मऊ की आपल्या खरबरीत हातांनी चाचपायची भीती वाटावी. हॉटेलच्या गच्चीवर गरम पाण्याचं कुंड, त्यात गळ्यापर्यंत बसायचं आणि दरीतून धुकं वर येताना बघायचं. तुला फार आवडलं असतं. पण मेलं सगळंच वेळापत्रकाबरहुकूम. आता मालीश, आता सूर्यास्त, आता फोटो, तोही पुन्हा एकदा, कारण मी डोळे मिटले. दुसऱ्या दुपारी गुडघ्यांनी संप पुकारला. मी म्हटलं, तू जाऊन ये, मी जरा पडतो. एवढंच म्हटलं गं. त्याने गाडीची किल्ली टेबलावर ठेवली आणि बोलणं बंद केलं.

मग चकार शब्द नाही. आवाज चढवणं नाही, दार आपटणं नाही, नुसतं मोबाइलात डोकं. मी चहा करून पुढे ठेवला, तो तसाच गार झाला. खिडकी उघडू का विचारलं, उत्तर नाही. रात्री जेवायला मेणबत्त्या लावलेलं टेबल. आजूबाजूला जोडपी गुलुगुलु बोलतायत, आणि मी, सत्तरी ओलांडलेला माणूस, पोटच्या पोराच्या तोंडाकडे बघून ठरवतोय की गोड मागवावं की नको. शेवटी मीच म्हणालो, "चुकलं माझं." तेव्हा कुठे तो बोलला, "मी सगळ्यांसाठी एवढं करतो, पण कोणाला त्याची किंमत नाही." आणि लगेच स्वतःच्या हाताने माझ्या ताटलीत केक वाढला, इतक्या मायेने की मला भडभडून आलं. काय चुकलं होतं, ते मला अजूनही कळलेलं नाही.

घरी आपण तिघं होतो तेव्हा मी म्हणायचो, मितभाषी आहे, आईवर गेलाय. तू स्वयंपाकघरात घासलेलीच भांडी पुन्हा घासत उभी असायचीस, तर मला वाटायचं पोरीला स्वच्छतेची हौस. तू कधी बोलली नाहीस. बोलणार तरी काय होतीस? मारलं नाही, शिवी दिली नाही; सांगायला हातात धरण्यासारखं काही नसतंच त्यात. मला दोन दिवसांत एवढा शिणवटा आला, तर तुझं काय झालं असेल, याचा विचार करत मी घाट उतरलो.

तू गेल्यापासून घराला घरपण नाही, खोटं कशाला बोलू. डोळ्यात औषधाचे थेंब घालायला जातो तर निम्मे गालावर ओघळतात. ये म्हणायला जीभ नुसती शिवशिवते. म्हणून तर फोन केला नाही. बोलता बोलता माझा आवाज कापला असता, आणि तू आहे तशी निघाली असतीस. तर ऐक, पोरी, येऊ नकोस. माझ्यासाठी तर मुळीच नको. तो माझा मुलगा आहे, त्याच्यापाशी मी आहे, त्याला काय सांगायचं ते मी बघतो. तू पोटभर जेव, गाढ झोप. अधूनमधून फोन करत जा. फक्त माझी तब्येत विचारू नकोस, मी छान आहे असंच सांगेन.

पुढे नातं कागदावर राहो न राहो,
तुझाच,
बाबा