कुंकू लागलेली पेटी

मी, रवळू आण्णाप्पा तरळे, वय ७१, धंदा टर्नर, राहणार पिरनवाडी, बेळगाव, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहीत आहे. साखर वाढली आहे, डोकं ठिकाणावर आहे. डॉक्टरांचा दाखला जोडला आहे.

१. घर मुलगा नागेंद्र याला. पत्नी अंबुबाई हयात असेपर्यंत त्यात राहील आणि स्वयंपाकघर तिच्याच मर्जीनं चालेल.

२. घरामागच्या शेडमधला लेथ मष्णूला. नागेंद्र, तोंड वाकडं करू नकोस, कारण ऐक. कारखान्यात मी एकोणतीस वर्षं एकच जॉब काढला: बोटभर लांबीचा, मधे खाच असलेला पोलादी तुकडा. ड्रॉइंगवर नंबर होता, नाव नव्हतं. माल जर्मनीला जायचा. तिथं तो कशात बसतो, असं मालकांना विचारलं, तर "तुला काय करायचंय रं?" म्हणाले. त्यांना या मृत्युपत्रात काहीही नाही.

पहिली पेटी निघाली खंडेनवमीला. मशीनची पूजा झाल्यावर मी हौसेनं पेटीतल्या जॉबांनाही कुंकू लावलं. एवढ्या लांब चाललेत, म्हटलं. तीन महिन्यांनी पेटी परत आली, शेरा: गंज. मी खाचेत बोट फिरवलं. कसला गंज! तेलात कालवलेलं कुंकू ते. पण जॉबांना तेल लावायचं काम मष्णूचं. माझ्या हाताखाली लेथ शिकत होता बिचारा. हयगय केली म्हणून मालकांनी त्याला काढून टाकलं. मी शेजारीच उभा होतो. भ्यालो, बोललो न्हाय. तो पुढं आयुष्यभर वडगावात दुसऱ्यांच्या यंत्रमागावर राबला. मला आजही लाज वाटते.

त्यानं खंडेनवमीला लेथची पूजा करावी. जॉबला कुंकू लावू नये.

३. परवा मष्णूला बोलावून वरचं कलम वाचून दाखवलं. तो म्हणाला, "आण्णा, मला तवाच ठाव हुतं. तुमच्या बोटाला लागल्यालं बघितलं हुतं की."

"मग बोलला न्हाईस का रं?"

"तुम्ही बोलशिला म्हणून थांबलतो."

मला रडू आवरेना. अंबुबाईनं दोघांना चहा दिला. जाताना चपला घालत तो म्हणाला, "आण्णा, ते जॉब कशात बसतंय, कळलं का वो?"

न्हाय म्हणालो.

सबब, बँकेतली ठेव नात तेजस्वी हिला. इंजिनीअर झाली की तिनं जर्मनीला जाऊन याचा छडा लावावा. कळेल ते आधी मष्णूला सांगावं. माझ्या फोटोला नंतर सांगितलं तरी चालेल.

सही: रवळू आण्णाप्पा तरळे

साक्षीदार, माझ्यासमोर सही करणारे:
डॉ. भीमरत्न कांबळे
शालूबाई मुतगेकर, शेजारीण

पिरनवाडी, ३० सप्टेंबर २०२५