इस्त्रीसाहेबांची कारकीर्द

३ मार्च, सोमवार

शेवटी माझ्याच गळ्यात पडलं! इस्त्रीसाहेब महिनाअखेर निवृत्त होणार, आणि त्यांच्या कारकिर्दीची पुस्तिका लिहिणार कोण — तर नोंदी विभागातला हा गुडघे गेलेला वॉरंट ऑफिसर. "तुम्ही त्यांना पहिल्यापासून ओळखता ना!" म्हणे. ओळखतो तर! चांगलाच ओळखतो.

एवढ्या मोठ्या हवाई कमांडचे प्रमुख, पण मला दिसते ती त्यांच्या पॅन्टची घडी. कधी मोडलेली पाहिली नाही. म्हणून इस्त्रीसाहेब. नाव मीच ठेवलंय, एकतीस वर्षांपूर्वी.

५ मार्च, बुधवार

दिवसभर फायली उपसल्या. पदकं, दौरे, फिती कापणं. तीन फोटोंत साहेब झाड लावतायत — तिन्हींत तीच झारी, तशीच हनुवटी वर. झाडं जगली की नाही ते कुणी लिहिलेलं नाही. भाषणं तर गठ्ठ्यांनी आहेत. एक वाचलं. 'शिस्त' चौदा वेळा! पंधराव्यांदा आली असती तर मी खिडकीतून उडी टाकली असती. तळमजला आहे म्हणा.

९ मार्च, रविवार

जेवताना हिच्याशी वाजलं. "त्या माणसावर इतका डूख का धरून बसलाय तुम्ही? त्यानं तुमचं काय घोडं मारलंय?"

काय मारलंय! आठवण करून दिली. तेव्हा मी मेकॅनिक, ते साधे वैमानिक. त्या सकाळी त्यांच्या सीटमागची एक पट्टी मी कसून बसवली. आमचा नियम असा, की प्रत्येक अवजारावर पेटीचा नंबर कोरलेला. काम झालं की प्रत्येक अवजार आपापल्या खाचेत, मग मोजणी, मग सही. एक जरी कमी भरलं तरी विमान जागचं हलायचं नाही. माझी पेटी बेचाळीस नंबरची, अवजारं सतरा. सही केली, विमान उडालं. आणि उतरताना साहेब रेडिओवर म्हणे ओरडले, स्टिक अडकली — विमान वळवायचा तो दांडा! विमान धावपट्टी सोडून गवतात, एक चाक तुटलं, साहेबांचा पाय मोडला. चौकशीत माझी पेटी उघडली — सतरापैकी सतरा. कॉकपिट पालथं घातलं — काही नाही. साहेब स्वतःच म्हणाले, "चूक माझी." निकाल लागला: वैमानिकाची चूक. दोन वर्षं उड्डाण बंद.

आणि ज्याला एक विमान धड उतरवता आलं नाही, तो आज अडीचशे विमानांचा धनी! वर चढायला विमान लागत नाही, घडी लागते.

ही म्हणाली, "इस्पितळात आपलं बाळ बघायला आले होते ते. कुबडी घेऊन. किती वेळ नुसते बघत उभे होते."

आले होते, आठवतंय. तिसऱ्या दिवशी. "मुलगी का? छान," म्हणाले. मग माझ्याकडे वळून, "नोकरी नीट सांभाळ." स्वतःची सांभाळता आली नाही, आणि मला उपदेश! तेव्हापासून हा माणूस माझ्या डोक्यात गेला तो गेलाच.

१२ मार्च, बुधवार

ठरलं. सहाव्या पानावर तो अपघात घालायचा. तारखेसह, निकालासह. आजवर कुणी त्यांच्यावर लिहिताना त्याचा उल्लेख केलेला नाही. सगळे शेपूट हलवणारे! निरोपाच्या दिवशी चारशे जणांच्या हातात जाऊ दे, म्हणजे घडी जरा विस्कटेल.

१८ मार्च, मंगळवार

मसुदा दाखवायला बोलावलं. साहेबांनी सहावं पान वाचलं. पुन्हा वाचलं. सेक्रेटरीच्या कपाळाला घाम. "सर, हे काढून टाकू या का?"

साहेबांनी मला विचारलं, "नोंदीत असंच आहे ना?"

"हो, सर."

"मग राहू द्या."

कोडगा! जनाची नाही, मनाचीही नाही. मी निघालो तर मागून आवाज — "तुमची ती बेचाळीस नंबरची पेटी आहे का अजून?"

"आहे, सर. बाद झाली तेव्हा मागून घेतली. घरी आहे."

"सगळी अवजारं?"

"सतराच्या सतरा, सर."

"बरं," म्हणाले आणि दुसरा कागद ओढला.

१९ मार्च, बुधवार

पेटीचं कशाला विचारायचं?

२६ मार्च, बुधवार

पुस्तिका छापून आली. गुळगुळीत कागद, मुखपृष्ठावर हनुवटी. सहावं पान झकास उठलंय. हिला दाखवलं. वाचून तिनं मिटलं आणि भांडी घासायला गेली. आता दोन दिवसांनी इथे 'घरात कुणी बोलावं म्हणून मी खोकतोय' असं लिहायची वेळ येणार बहुतेक. येऊ दे. मी खोटं काही लिहिलेलं नाही. सतरापैकी सतरा होती.

३१ मार्च, सोमवार

परेड झाली, पुस्तिका वाटून झाल्या. दुपारी साहेब एकटेच नोंदी विभागात आले. दार लोटलं. खिशातून रुमाल काढून टेबलावर उलगडला. आत बुटका स्क्रूड्रायव्हर. मुठीवर कोरलेला आकडा — बेचाळीस.

"स्टिकच्या बुडाशी अडकला होता. मला बाहेर काढायच्या आधी मी खिशात टाकला. सकाळीच ऐकलं होतं, तुमच्याकडे बाळ झालंय." मग म्हणाले, "आता पेटीत ठेवा." आणि गेले. चालताना लंगडतात. आजवर मी तो रुबाब समजत होतो.

त्या सकाळी निरोप आला होता — मुलगी झाली! — आणि मी न मोजताच सही ठोकली. अपघातानंतर पेटी उघडली तर एक खाच रिकामी. भंगारातला एक बुटका उचलला, आकडा कोरला, खाचेत बसवला. कॉकपिटात काही सापडलं नाही, म्हणून एकतीस वर्षं धरून चाललो की तो कुठेतरी गवतात पडला असेल.

आत्ता पेटी उघडून मोजली. अठरा.