साफ करून आणलेले मासे

प्रिय दादा,

लहानपणापासून तू मला भोचक म्हणत आलास, तर आज त्या नावाला जागून लिहिते आहे. हल्ली तू तुझ्या जाळ्यातले मासे मला साफ करून आणून देतोस. पोट चिरलेलं, आतडी काढलेली, वर धुऊन पुसून. ज्या माणसाने स्वतःचा चहाचा कप कधी विसळला नाही, त्याला बहिणीच्या हातांची एवढी काळजी कधीपासून? आठवतं ना, बाबा मासे घेऊन आले की सुरी माझ्या हातात असायची आणि पोटात काय निघेल यावर आपली पैज लागायची. माझी नोकरी त्याच खेळातून आली. माशाने काय खाल्लं ते बघून समुद्रात कुठे काय जगतंय, कोण कोणावर जगतंय, हेच आम्ही प्रयोगशाळेत शोधतो. अशा बाईपुढे तू रिकाम्या पोटाचा मासा ठेवलास, मग मनात शंकेची पाल चुकचुकणारच.

मग मी उगाचच तुझ्यावर नजर ठेवू लागले. होडी कुठे आहे ते दाखवणारं यंत्र तुझंच कसं सारखं बिघडतं? तू म्हणायचास, लांब खोल पाण्यात जातो. पण खोलातून ओढलेल्या माशाचे डोळे बाहेर येतात, हे तूच मला शिकवलंस, आणि तुझ्या तांबोशी माशांचे डोळे अगदी जागच्या जागी. वहिनी तर परवा खुशीत सांगत होती की आताशा डिझेल निम्म्यानेच लागतं. लांब जाऊन निम्मं डिझेल! मी तिच्यासमोर नुसती हसले. तुझ्यावर संशय घ्यायची मला लाजही वाटली, खोटं कशाला सांगू?

काल तू झोपला होतास, म्हणून वहिनीने एक मासा न चिरता तसाच डब्यात घालून पाठवला. बिचारीला काय ठाऊक! मी सुरी घातली तर आधी अंड्यांची गाभोळीच निघाली, पोटभर. मग हिरव्या कोळंब्या, रंगही न उतरलेल्या. दादा, त्या फक्त समुद्री गवतात राहतात, आणि आपल्याकडे ते गवत उरलंय मासेमारीला बंद केलेल्या एकट्या खाडीत. पोटातली कोळंबी काही तासांत विरघळते. तेवढ्या वेळात तो मासा पोहत पोहत तुझ्या खोल पाण्यात आला असेल, असं मी स्वतःला समजावून पाहिलं. नाही पटलं.

खाडी बंद करा म्हणून मच्छीमारांच्या सभेत मीच बोलले होते. गवत राहिलं तर कोळंबी राहील, कोळंबीवर पिलं वाढतील, आणि ती बाहेर पडली की सगळ्यांचीच जाळी भरतील. पहिला हात तू वर केलास, आणि तुझ्याकडे बघून बाकीच्यांनी केले. गल्लीच्या टोकाला राहणारे आजोबा आठवतात ना? त्यांची होडी लहान, खाडीबाहेर नेण्याजोगी नाही. तेव्हापासून ते दुसऱ्यांची जाळी शिवून पोट भरतात, आणि मी दिसले की विचारतात, पिलं मोठी झाली का गं? आता मी दुसऱ्या रस्त्याने जाते. मला तुझा राग आलाय दादा, फार राग आलाय.

आता पत्र का लिहिलं ते सांगते. आज सकाळी मी त्या कोळंब्या बाटलीत घालून आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख बाईंच्या टेबलावर ठेवल्या आणि होडी कोणाची तेही सांगितलं. तेव्हा हे पत्र तुला सावध करायला नाही. परवाना कदाचित जाईल, वहिनी माझं तोंड पाहणार नाही. पण उद्या संध्याकाळी सभा आहे, खाडी पुढे बंद ठेवायची की नाही यावर. तू खाडीत जातोस हे सभेतल्या लोकांना बाहेरून कळलं तर उद्यापासून सगळेच तिथे जाळी टाकतील. म्हणून ते तुझ्या तोंडून कळू दे. मागे पहिला हात तूच वर केला होतास, उद्याही तूच कर. मी आजोबांच्या शेजारी बसणार आहे. तू उभा राहिलास, तर उठून तुझ्याजवळ येईन.

अजूनही तुझीच,
भोचक