धोंडूच्या हातातली बालदी

काळाचौकी, ९ फेब्रुवारी १९५६

तीर्थरूप बाबांना शमुवेलचा सलाम.

माझा खोकला गेला. आईचे डोळे कसे आहेत?

गेल्या महिन्यात पोलिसांनी केलेल्या गोळीबारात शेजारचा धोंडू गेला. तो दगड मारत होता असं लिहून दे, म्हणून चौकशीचे साहेब दोनदा आले. मी पाहिलं होतं, त्याच्या हातात पाण्याची बालदी होती. अख्ख्या चाळीदेखत म्हणालो, “मी ख्रिस्ती आहे. खोटी साक्ष देऊ नको, ही देवाची आज्ञा मला प्रिय आहे.” जेवणाआधी तुम्ही माझ्याकडून दहाही आज्ञा म्हणवून घ्यायचात ना!

तेव्हापासून दोन माणसं जिन्याखाली बसलेली असतात. मी बाहेर पडलो की मागून येतात.

उद्या कोर्टात जबानी आहे. माझं पवित्र शास्त्र टपालाने तुमच्याकडे पाठवलंय. का, ते आईला विचारू देऊ नका. मला खोटं सांगता येणार नाही.

तुमच्या आज्ञेतला,
शमुवेल