घरच्या बाईच्या ताटाला गुलाब

आई,

काल दादाने फोन करून माझ्याकडे असलेला तुझा रांगोळीचा छाप मागितला, म्हणून हे लिहिते आहे. त्याच्या मुलीचं केळवण आहे, गंगापूर रोडच्या फ्लॅटवर. "डायनिंग टेबलावर सगळे गुलाबच गुलाब करायचेत. आई काय सुंदर ताटं मांडायची गं!" म्हणाला. माझं डोकंच फिरलं. तो कायम पहिल्या पंगतीला. दुसरी पंगत त्याने बघितलीच कुठे?

मी बघितली आहे. मळ्यातले गुलाब पहाटे बाजारात जायचे, देठ मोडलेले घरी उरायचे. सणाला तू पत्र्याचा तो छाप टेकवून अण्णांच्या, काकांच्या, दादाच्या ताटाभोवती गुलाब उमटवायचीस आणि त्यात पाकळ्या भरायचीस. ते उठले की ओल्या फडक्याने सगळं पुसून टाकायचीस, आणि त्याच ओलसर फरशीवर आपण दोघी जेवायला बसायचो. मी बी.ए. झाले त्या दिवशीही तेच. श्रीखंड माझ्यासाठी केलेलं, आणि वाढते आहे मीच. माझ्या ताटाला फुलं का नाहीत, असं विचारलं तर तू वर न बघता म्हणालीस, "घरच्या बाईला कशाला फुलं? तू काय पाव्हणी हाय व्हय?"

मग माझं केळवण आलं. मला पाटावर बसवलंस आणि ताटाभोवती लाल गुलाबांचा असा वेढा घातलास की हात घालायला जागा उरली नाही. काकू म्हणाली, "लय नटवलंय गं पोरीचं ताट!" सगळ्या हसल्या. मी मात्र हसले नाही. पाहुणी झाले म्हणून मिळालेली फुलं होती ती. आणि तुला? काटे तुझ्याच बोटांत मोडायचे, पण तुझ्या ताटाला एक पाकळी कधी दिसली नाही. याचा तुला राग कसा आला नाही, याचाच मला आजही राग येतो.

छाप द्यायचा नाही असं ठरवूनच आज दादाकडे गेले, तरी तो पिशवीत होताच. वहिनी टेबलावरची जागा दाखवत होत्या: इथे मुलगी, इथे तिच्या मैत्रिणी, इथे दादा.

"आणि तुम्ही?"

"मी मागून बसेन, वन्सं. गरम पोळ्या कोण करणार? आणि मी घरचीच की!"

मी छाप टेबलावर आपटला. "पोळ्या बाहेरून येतील. पहिलं ताट वहिनींचं मांडायचं, नाहीतर हा मी परत नेते."

दादा हसला. "बाई, शाळा सुटली तरी तू अजून वर्गातच आहेस का गं?"

"हसू नकोस. आतून खुर्ची आण."

त्याने आणली. वहिनी मात्र बराच वेळ खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभ्याच होत्या.

हे पत्र पाठवायचं नाही, म्हणून एक सांगून टाकते. माझ्या केळवणाचं ते ताट सुंदर होतं. मी पुन्हा पुन्हा बघत होते.

आज दिला: पत्र्याचा छाप, एका कडेला गंजलेला. वहिनींच्या हातात.