भुताचं काम

बंगळूर, मे १९९६

प्रिय वत्सूस दादाचा आशीर्वाद.

मी मजेत आहे, गुडघ्याचं विचारू नकोस. तुझा खोकला गेला का?

नात शाल्मली कॉलेजसाठी भुताची फिल्म करते आहे, आणि भूत मी! हौसेने पांढरं धोतर नेसलो, दार कुरकुरवलं, तर तीच वैतागली. "आजोबा, ते सगळ्याच सिनेमांत असतं! माझं भूत नुसतं बोलतं, घरात कुणाला ऐकूच येत नाही. रोजच्यासारखे बसा."

बसलो. आपली शाळेतली कविता चालीवर म्हटली. मुलगा-सून समोरून चहा घेऊन गेले. पहिल्याच खेपेला शाल्मली कानडीत म्हणाली, "सरी, ओके!" म्हणजे झालं, ठीक. आता म्हणे संगीत घालून कविता झाकून टाकणार. मग म्हणायला कशाला लावली?

वत्सू, तिसरं कडवं मी मुद्दाम चुकवलं होतं. कुणी टोकलं नाही. तू टोकलं असतंस ना?

तुझा हाडामांसाचा
दादा